परवान्यातला कर्ता

पूर्वी आमच्या घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत एकादश्या, संकष्ट्या आणि वाडवडिलांच्या श्राद्धतिथी एवढ्यांनाच तांबड्या पेन्सिलीची खूण असे. गेली काही वर्षे मार्च महिन्याच्या पानावरही ती दिसू लागली आहे. ही खूण होळीची नव्हे, की वार्षिक परीक्षेचीही नव्हे. सुशिक्षित परदेशीयांस नोकरीसाठी अमेरिका जे परवाने देते, त्यांतील ‘एच-वन-बी’ नामक परवान्यासाठी मार्चमध्ये नावे नोंदवावी लागतात. वर्षाकाठी परवाने ६५,०००, आणि तेथील विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. नावे त्याहून कितीतरी अधिक येतात, सबब सोडत काढतात. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला १ ऑक्टोबरपासून कामावर रुजू होता येते. आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांची चिठ्ठी २०१३ साली निघाली, तेव्हा वहिनींनी बोललेली अथर्वशीर्षाची सहस्र आवर्तने आम्हीच बसून पुरी केली होती.

ह्या सदराच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी एखादा मुलगा अथवा सून अशाच कुठल्यातरी परवान्यावर परदेशी असेल. पगार किती, घर केवढे, तेथे चितळ्यांची बाकरवडी मिळते की नाही, ह्या सर्व गोष्टी घरातल्या लहानथोरांस ठाऊक असतात. परंतु ज्या कागदाच्या आधारावर तो तेथे राहिला आहे तो कागद काय म्हणतो, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. आम्हांसही सुचले नव्हते. ते सुचण्यास जे निमित्त घडले ते सांगण्यासारखे आहे, जरी त्यात आमची थोडी नाचक्की आहे.

२०२३ च्या जानेवारीत एके सकाळी थोरल्या पुतण्याचा फोन आला. त्या सुमारास अमेरिकेतील मोठमोठ्या कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमी केली, त्यांत त्याचेही नाव लागले होते. दहा वर्षांचा संसार, पाच वर्षांची मुलगी शाळेत, घराचे हप्ते चालू. तो म्हणाला, “काका, साठ दिवस आहेत. तेवढ्यात दुसरी नोकरी लागली नाही, तर परत यावे लागेल.” बंधू शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, “अरे, हे साठ दिवस मोजायचे कधीपासून, ते त्याला विचार.”

विचारण्याऐवजी उत्तर आम्हीच दिले. सुतकाचे दहा दिवस कोठून धरावयाचे, हे गल्लीतील लोक आम्हांस विचारावयास येतात. तोच रुबाब आम्ही येथे चालविला. कंपनीने निरोपादाखल तीन महिन्यांचे वेतन देऊ केले होते. आम्ही म्हटले, पगार तीन महिने चालू म्हणजे नोकरी तीन महिने चालू. दिवस त्यापुढे मोजावेत. मुलाला धीर आला, आणि तो थोडा सावकाशीने शोध करू लागला. तेराव्या दिवशी त्याने तेथील वकिलाला गाठले, तेव्हा वकील म्हणाला की निरोपाच्या पैशाचा आणि दिवसांचा काही संबंध नाही, नोकरी ज्या दिवशी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काळ चालू झाला आहे. म्हणजे १२ दिवस आमच्या पांडित्यात गेले. २०१७ सालापासून लागू असलेला हा नियम स्पष्ट आहे: नोकरी सुटल्यावर सलग ६० दिवस, किंवा मूळ परवान्याची मुदत त्याआधी संपत असल्यास तेवढेच दिवस. त्यात शनिवार-रविवार वजा होत नाहीत, आणि काकांचे मतही जमेस धरले जात नाही.

पुढील दीड महिना आमच्या घरात मोठ्याने कोणी बोलले नाही. सूनबाईंची नोकरी होती, पण तिला काम करण्याची जी परवानगी होती ती नवऱ्याच्या परवान्यावर उभी. खालची फळी निघाली की वरचीही यावयाचीच. चोपन्नाव्या दिवशी एका लहान कंपनीने त्याच्यासाठी अर्ज दाखल केला. २००० सालच्या कायद्याने एक सोय केलेली आहे, ती अशी की नव्या कंपनीचा अर्ज दाखल होताच मनुष्यास तिच्याकडे काम सुरू करता येते, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्या सोयीने तो वाचला. पगार पूर्वीपेक्षा कमी मिळाला, पण त्याबद्दल घरात कोणी एक अक्षर काढले नाही.

ही गोष्ट मनातून गेली नव्हती तोच ह्या वर्षी धाकट्या बंधूंच्या मुलाचा प्रश्न उभा राहिला. तो यांत्रिकी शाखेचा अभियंता, पुण्यात एका कंपनीत नोकरीस. कंपनी म्हणते, वर्षभर थांब, आमच्याच अमेरिकेतील शाखेत तुला पाठवू. दुसरीकडून जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्याने वर्षाला ५२,००० युरो वेतनाचे पत्र धाडलेले. काकूंचे, म्हणजे मुलाच्या आईचे, मत अमेरिकेकडे; कारण स्थळे सांगून येतात ती अमेरिकेचीच विचारपूस करीत येतात. मुलगा मात्र दोन वर्षे मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकत आहे. एके दिवशी तो विभक्त्यांची तक्ते घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, “काका, ह्या भाषेत चार-चार विभक्त्या आहेत हो.” आठ विभक्त्यांच्या घरातल्या मुलाने चारांना भ्यावे, ह्याचे आम्हांस हसू आले. सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढणाऱ्या त्या जर्मन पंडिताच्या नावाच्या वास्तूत आमच्या मुलांनी व्याकरणास भ्यावे, हेही एक नवलच. असो. त्याची प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आम्ही पाऊण तासात लावून दिली. आणि ते करता करता टेबलावरच दोन्ही देशांचे कागद पडले होते ते सहज वाचू लागलो.

आम्ही मॅट्रिकपलीकडे इंग्रजी शिकलो नाही. परंतु वाक्य कोणत्याही भाषेतले असो, त्यातील कर्ता हुडकण्याची खोड चाळीस वर्षांच्या मास्तरकीने जडलेली आहे. अमेरिकेच्या अर्जात अर्जदार ह्या जागी कंपनीचे नाव होते. आमच्या पुतण्याचे नाव खाली, निराळ्या रकान्यात, लाभार्थी म्हणून. ‘कंपनी गोविंदासाठी परवाना मागते’ असे ते वाक्य आहे. कंपनी प्रथमा, परवाना द्वितीया, आणि गोविंद बिचारा चतुर्थीत. दान देणारा हात मागे घेतो तेव्हा चतुर्थीतल्या माणसास विचारण्याची पद्धत कोणत्याही भाषेत नाही. मंजुरीचे पत्र निघते तेही कंपनीच्या किंवा तिच्या वकिलाच्या नावे. साठ दिवसांचे सर्व रामायण त्या एका विभक्तीत होते, आणि ते आम्ही दहा वर्षे वाचले नाही.

येथे कंपन्यांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की कर्तेपणाबरोबर त्यांच्यावर ओझेही येते. अर्जापूर्वी मजूर खात्याकडे त्यांना लिहून द्यावे लागते की ह्या मनुष्यास आम्ही त्या भागातील प्रचलित वेतनाहून किंवा आमच्याच इतर तशा नोकरांच्या वेतनाहून, ह्या दोहोंत जे अधिक असेल त्याहून, कमी देणार नाही. त्याच्या येण्याने इतरांच्या कामाच्या स्थितीस बाध येणार नाही. त्या जागी संप वा टाळेबंदी चालू नाही. आणि ही सूचना कामाच्या ठिकाणी लावली आहे. ह्या निवेदनाची एक प्रत नोकरास द्यावी लागते. अर्जाचा खर्च व वकिलाची फी त्याच्या पगारातून कापता येत नाही. काम नाही म्हणून बिनपगारी बसवून ठेवता येत नाही. मुदतीपूर्वी कामावरून काढले, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च कंपनीने सोसावयाचा. ह्यांतील एकही गोष्ट आमच्या पुतण्यास ठाऊक नव्हती. पहिल्या वर्षी त्याला अडीच महिने बिनपगारी बसविले होते, ही हकीकत त्याने आम्हांस आता सांगितली. तेव्हा ती कंपनीची मेहेरबानी वाटली होती, कारण तिने हाकलून तर दिले नाही!

हक्क आहेत, पण ते ज्याच्याविरुद्ध बजावावयाचे त्याच्याच हाती कागद आहे. कायद्याने दिलेले पुष्कळसे ह्या ठिकाणी झिरपून जाते.

मुदतीचीही तीच कथा. परवाना प्रथम तीन वर्षांचा, पुढे आणखी तीन, एकूण सहा. त्यापुढे राहावयाचे तर कायमच्या वास्तव्याची, म्हणजे ग्रीन कार्डाची, वाट चालू लागली पाहिजे. आणि नोकरीच्या मार्गाने ती वाटही बहुधा कंपनीनेच उघडावयाची असते. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस वर्षाच्या एकूण संख्येतील ७ टक्क्यांहून अधिक वाटा द्यावयाचा नाही, असा नियम असल्यामुळे भारतीयांची रांग दशकाहून लांब झाली आहे. कंपनीची शिफारस एकदा मंजूर झाली, की रांगेत असेतोवर परवाना तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. मंजुरीस १८० दिवस लोटल्यावर कंपनीने ती मागे घेतली, तरी रांगेतील जागा जात नाही. आमच्या पुतण्याची जागा ह्याच नियमाने राहिली. त्याची शिफारस २०१८ साली मंजूर झाली होती. १८० दिवस लोटण्यापूर्वी नोकरी गेली असती तर काय, हा विचार आम्ही करीत नाही.

२१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या अध्यक्षांनी बारा महिन्यांच्या मुदतीने असाही जाहीरनामा काढला की परदेशात असलेल्या मनुष्यासाठी नवा अर्ज करणाऱ्या कंपनीने १,००,००० डॉलर भरावे. शिवाय २०२६ च्या हंगामासाठी सोडतीचा नियम बदलून अधिक वेतनश्रेणीच्या उमेदवाराच्या चिठ्ठ्या अधिक टाकण्याचे ठरले. म्हणजे नुकता पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा मागे पडणार. काकूंना आम्ही हे समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पण त्याची कंपनी तर चिठ्ठीशिवाय नेते म्हणते.” ते खरे आहे. एकाच कंपनीच्या एका देशातील शाखेतून दुसऱ्या देशातील शाखेत मनुष्य नेण्यासाठी ‘एल-वन’ नावाचा निराळा परवाना आहे. मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष त्या कंपनीत काम झालेले असले पाहिजे. त्यास संख्येची मर्यादा नाही, सोडत नाही, आणि पत्नीस नोकरी करता येते. व्यवस्थापकास सात वर्षे, विशेष ज्ञानाच्या नोकरास पाच. पण त्या परवान्यावर दुसऱ्या मालकाकडे जाता येत नाही. येथे गोविंद चतुर्थीतही राहिला नाही. तो कंपनीच्या सामानातला एक नग झाला.

आखाती देशांतील ‘कफाला’ ह्याच वंशातली. कोकणातील कित्येक घरांस तिचा अनुभव आहे. कतारने २०२० साली मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली, हे त्या दिशेचे एक पाऊल. तो विषय मोठा आहे.

आता जर्मन कागद. तेथे सुशिक्षितांसाठी ‘ब्लू कार्ड’ असते. अर्ज करणारा मनुष्य स्वतः. मुंबईच्या जर्मन वकिलातीत तोच जातो, तोच सही करतो. मालकाने नोकरीचा करार द्यावयाचा. काम लवकर व्हावे म्हणून मालकाला तेथील सरकारी कचेरीत ४११ युरो भरून जलद मार्गाने प्रकरण चालविता येते. पण त्यासाठी त्याने नोकराकडून मुखत्यारपत्र घ्यावे लागते. हे वाचून आम्ही चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. कारखाना आमच्या पोराचा मुखत्यार! ह्या वाक्यात कर्ता गोविंद आहे.

अर्थात अटी आहेतच. पदवी तेथील पदवीच्या तोडीची ठरली पाहिजे. त्यासाठी विद्यापीठांची सरकारी सूची पाहावी लागते, आणि तिच्यात नाव स्पष्ट नसल्यास बॉन येथील कचेरीचे तुलनापत्र २०८ युरो देऊन आणावे लागते. वेतनाची किमान पायरी दरवर्षी बदलते: २०२५ साली ती ४८,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७००. अभियंते, वैद्य, संगणकतज्ज्ञ अशा ज्या धंद्यांत माणसे कमी आहेत त्यांत, आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांस, ती थोडी खाली, २०२६ साठी सुमारे ४५,९३४ युरो. मात्र खालच्या पायरीवर तेथील रोजगार खात्याची संमती लागते. आमच्या मुलाचे ५२,००० वरच्या पायरीच्याही वर असल्याने ती लागणार नाही. पुढल्या वर्षी पायरी चढली तर वेतन पुरेल का, हे त्याने कारखान्यास पत्र लिहून विचारावे, असे आम्ही सुचविले. त्याला ते विचारण्याचा संकोच वाटत होता. आम्ही म्हटले, लग्नाच्या याद्या करताना तुझे आजोबा ह्याहून बारीक गोष्टी विचारीत.

नोकरी बदलावयाची झाल्यास पहिल्या १२ महिन्यांत तेथील परकीयांच्या कचेरीचे लक्ष असते. ती ३० दिवस बदल रोखू शकते व अटी भरत नसल्यास नाकारू शकते. त्यापुढे मोकळीक. २७ महिने काम झाले व भाषेचे प्राथमिक ज्ञान असले, की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. जर्मन तिसऱ्या पायरीइतकी, ज्याला ते ‘बी-वन’ म्हणतात तेवढी, आली तर २१ महिन्यांत. पत्नीस पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा. नोकरी सुटली तर मनुष्याने दोन आठवड्यांत व मालकाने चार आठवड्यांत कचेरीस कळवावयाचे. बेकारीबद्दल युरोपीय संघाच्या २०२१ सालच्या निर्देशात तीन महिन्यांची, आणि दोन वर्षे ब्लू कार्ड असलेल्यास सहा महिन्यांची, सवड सांगितली आहे.

ज्याच्या हाती नोकरीचे पत्रच नाही, अशांसाठी १ जून २०२४ पासून जर्मनीने ‘संधी-कार्ड’ काढले आहे. शिक्षण, वय, भाषा, अनुभव ह्यांचे निदान सहा गुण भरले तर एक वर्षापर्यंत तेथे राहून नोकरी शोधावी, दरम्यान आठवड्यास २० तास काम करावे. मात्र निर्वाहाचे पैसे आधी बँकेत गुंतवून दाखवावे लागतात. २०२५ साली ते दरमहा १,०९१ युरो होते. वर्षाची ही रक्कम कोणी कर्ज काढून उभी करीत असेल, तर आम्ही त्यास थांबावयास सांगू. कर्ता आहे पण कर्म सापडले नाही, अशी वाक्ये परदेशात महाग पडतात.

इतके झाल्यावर घरची बैठक भरली. थोरला पुतण्या अमेरिकेतून, त्याच्या पहाटे, दूरध्वनीच्या पडद्यावर हजर होता. काकूंचा मुख्य आक्षेप असा की जर्मनीत आपले माणूस कोण? तो आक्षेप पोकळ नाही. आजारपणात, बाळंतपणात, घर भाड्याने मिळवताना आपल्या भाषेचा एक मनुष्य असणे ही गोष्ट कुठल्याही कार्डावर मिळत नाही. आणि अमेरिकेत ती गावोगावी आहे. दुसरी अडचण आम्ही स्वतःच मांडली, कारण एकदा तोंड पोळले होते: करारात सहा महिन्यांचा परीक्षाकाळ आहे, आणि त्या काळात तेथील कायद्याने अवघ्या दोन आठवड्यांच्या सूचनेवर मालक नोकरी संपवू शकतो. तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत मोटार नको, घर नको, येथून कर्जाचा हप्ता नको. धाकट्या बंधूंनी फ्लॅटचे बुकिंग करण्याचे ठरविले होते; ते त्यांनी पुढे ढकलले.

थोरला पुतण्या बहुतेक वेळ ऐकत होता. शेवटी त्याने धाकट्याला एवढेच विचारले, “तुझ्या कार्डावर कंपनीचे नाव किती दिवस मोजतात?” धाकट्याने सांगितले, “बारा महिने.” त्यावर थोरला बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला की मुलीला शाळेत सोडावयाची वेळ झाली.

काकूंनी दुसऱ्या दिवशी मेथीचे लाडू सीमाशुल्कवाले नेऊ देतात का, अशी चौकशी आमच्याकडे केली, त्यावरून निर्णय झाल्याचे आम्हांस कळले. वकिलातीची वेळ पुढील महिन्यातील मिळाली आहे. कराराच्या, तुलनापत्राच्या आणि मुखत्यारपत्राच्या तीन-तीन प्रती करून एक संच आम्ही आमच्या पत्र्याच्या पेटीत ठेविला आहे. थोरल्याकडूनही त्याच्या मजूर खात्याच्या निवेदनाची प्रत मागविली. ती त्याच्यापाशी नव्हती. कंपनीकडे मागून त्याने धाडली, आणि कंपनीने ती तक्रार न करता दिली. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी ही प्रत आजच मागून घ्यावी.

सांगलीच्या एका भगिनींनी विचारले आहे की त्यांची कन्या परिचारिका असून, महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा जो करार केला त्याचा तिला काही उपयोग होईल काय. परिचारिकांचे प्रकरण ब्लू कार्डाहून वेगळे आहे. तेथे पदवीस रीतसर मान्यता मिळाल्याखेरीज तो धंदा करता येत नाही, आणि भाषाही बरीच अधिक लागते. ते पुढील महिन्यात घेऊ.